अर्धा प्याला

आमच्या नारिन गावात पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. अर्धा म्हणजे बसा हो, अजून देते. आणि काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि निघा! बुरूलने नणंदेला, कालिपाला, अर्धाच दिला. हात मात्र असे शिवशिवत होते तिचे, की काय सांगू!

कारण कालिपा आल्यापासून तिचा पट्टा सुरूच. "गावभर नाचक्की झाली आपली! घरात धडधाकट सून असताना माझी आई रोज उठून त्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात जाऊन बसते?"

"वन्सं, संध्याकाळी परत येतातच की. तिथे मैत्रिणी आहेत, गाणी म्हणतात त्या. आणि मलाही जरा..."

"तुलाही जरा काय? आराम? उद्यापासून बंद ते! आणि आईला काय विचारायचं, हिला माझं नावसुद्धा आठवत नाही."

मानाच्या जागेवर बसलेल्या सासूबाईंनी किटली स्वतःकडे ओढली. लेकीचा प्याला भरला, भरतच राहिल्या, पार खाली अंथरलेल्या दस्तरखानावर चहा ओघळेपर्यंत.

"बघ! हिला अंदाजसुद्धा राहिला नाही," कालिपा म्हणाली.

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "पी आणि ऊठ. सकाळी माझी केंद्राची गाडी येते."

मग त्यांनी दुसरा प्याला घेतला, त्यात अर्धाच चहा ओतला आणि लग्न होऊन आल्यापासून त्या घरात सगळ्यांना चहा ओतत आलेल्या बुरूलच्या हातात दिला.