मांजरीचं पथ्य

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या मानेवरचे केस दोन बोटांनी बाजूला केले. खाली कातडी लालभडक होती आणि कानामागे ताजं रक्त.

"पिसवा नाहीत. कातडी खरवडून पाहिली, किडे नाहीत. बुरशीही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पथ्यावर ठेवलं. आठ आठवडे फक्त मी दिलेलं खाणं आणि पाणी. खाण्यातलं काही बाधत असतं तर एव्हाना खाज उतरायला हवी होती. पथ्य नीट पाळलंत ना?"

"म्हणजे काय! काट्यावर मोजून घालते," लेक म्हणाली. "आमच्याकडे माणसांचे एवढे लाड नाहीत. विचारा बाबांना."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या बाबांनी मान हलवली. हो की नाही, ते कुणाला कळू नये इतपतच.

"दुसऱ्या कुणी काही घातलं नाही? एक तुकडासुद्धा चालत नाही."

"घरात आम्ही दोघंच. आणि बाबा कसले देतात! सकाळी त्यांचं ताट झाकून कामावर जाते, संध्याकाळी येऊन बघावं तर चाटूनपुसून लख्ख. या वयात अशी भूक, माझीच दृष्ट लागायची."

बाबांनी शर्टाचं वरचं बटण चाचपून पाहिलं.

तीन महिने घास छातीशी अडकत होता. आधी मांस, मग अंडं, आता दुधात भिजवलेला पावसुद्धा. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं आणि पुढचं सगळं त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलं होतं. म्हणून ते बोलले नाहीत. ताट मांजरीपुढे सरकवायचं आणि तिचं होईपर्यंत दाराकडे बघत बसायचं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. पँट ढिली झाली तशी लेक घरात नसताना मशीनवर बसून त्यांनी ती आत घेतली. दोनदा. शिवण अशी, की कुणाच्या बापाला कळू नये.

"मग खाण्याचा प्रश्न नाही," डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक ओळ खोडली. "आता खाज दाबायचं इंजेक्शन, तेही कायमचं. हिच्या रक्तातली साखर आधीच काठावर आहे, यानं ती वाढेल. मलाही आवडत नाही, पण नाही दिलं तर ही स्वतःला फाडून घेईल."

त्यांनी सुई भरली. लेकीनं मांजरीला दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"थांबा," बाबा म्हणाले. "मी देतो तिला."

"काय देता?"

"अंडं. मासा. तू ठेवतेस ते."

"रोज?"

"रोज."

लेक आधी हसलीच. "कमाल करता हं बाबा! मी इकडे ग्रॅम ग्रॅम मोजतेय आणि तुम्ही मागच्या दारानं मेजवानी घालताय. पण थोडं थोडंच ना?"

"सगळं."

"सगळं? मग तुम्ही काय..."

 तिची नजर त्यांच्या शर्टाच्या कॉलरवर गेली. वरचं बटण लावलेलं होतं, तरी कॉलर आणि गळा यांच्यामध्ये अख्खा हात गेला असता.

डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

लेकीनं पर्स उघडली. बिस्किटांचा पुडा फोडायला तिला दोनदा ओढावं लागलं. एक बिस्कीट काढून तिनं त्यांच्यापुढे धरलं.

"बाबा, एवढं खाऊन दाखवा."

त्यांनी ते घेतलं, ओठांपर्यंत नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. टेबलावर मांजरीचं खाजवणं थांबलं. ती कडेला येऊन बसली, शेपूट पायांभोवती घेतली आणि बिस्कीट खाली यायची वाट बघू लागली.