कुलूप लावून येतो

कळमनुरीच्या अलीकडच्या त्या गावात पोचलो, तरी नानी कारमधून उतरेना. "जो बाप लेकरांना टाकून गेला, त्याची मशीद मला नाही बघायची."

तिचे अब्बा इथले इमाम. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, कापाकापीच्या भीतीनं गाव सोडताना त्यांनी बायकोपोरांना बैलगाडीत बसवलं. "मशिदीला कुलूप लावून येतो," म्हणाले आणि आलेच नाहीत. नांदेडला नानी त्याच रागात म्हातारी झाली.

मी एकटीच गेले. तिथं मेंढरं चारणाऱ्या नामाजीमामांनी मशिदीच्या कमानी दाखवल्या, शेजारचा दर्गा दाखवला. दर्ग्यामागे एक बिननावाची कबर होती आणि तिच्या उशाशी पितळी किल्ली.

"ही कशाची, मामा?"

"मशिदीची. दाराच्या जुन्या कुलपाला लागली. विहिरीतला गाळ काढला तवा सापडली. हाताच्या हाडांत अडकून व्हती. मानूस कोण, काई कळलं न्हाई. मंग आमीच इथं माती दिली."

मी मामांना घेऊन कारपाशी आले. किल्ली नानीच्या हातात दिली, सगळं सांगितलं. तिने किल्ली मुठीत धरली. मग खिडकीतूनच तिने मामांना विचारलं,

"विहीर कुठंय? मशिदीच्या मागं?"

"न्हाई माय, पुढं. मशिदीतून निघून गाडीवाटेकडं येताना लागती."

नानीने चपला कारमध्येच काढल्या आणि दार उघडलं.