कनवटीचे सेल

सुपारी फोडायला बत्ता उचलला, तेवढ्यात नवऱ्यामुलाच्या मामांनी हात आडवा केला.

"जरा थांबा. आमचं तसं काय मागणं नाय," गजामामा म्हणाले. "पण आमचा विकास रोज चौक गावावरनं कंपनीत जातो. एखादी चांगली मोटारसायकल दारात आली, तर तुमचाच जावई शोभंल. मागं बसणार ती तुमचीच पोरगी."

कुंभिवलीच्या त्या पडवीत सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मागणं नाही म्हणून सुरू झालेलं बोलणं कुठे जाऊन टेकतं, हे लग्नं जमवणाऱ्यांना सांगावं लागत नाही. मुलीचा बाप रोहिदास घाम पुसायला लागला. हो म्हणावं तर दारातला टेंपो विकायला काढावा लागणार, नाही म्हणावं तर जमलेलं मोडणार. आतल्या दाराशी भाग्यश्री उभी होती. मुलगा तिला मनापासून आवडला होता. तो मात्र मान खाली घालून मोबाइलचं कव्हर नखाने खरवडत होता, हो नाही की नाही नाही.

रोहिदासची मान आता होकाराला हलणार, हे त्याच्या आईने बरोबर ओळखलं. ललिताआजीच्या पोटचाच तो.

"रोहिदास, फळीवरचा रेडिओ काढ," ती म्हणाली.

"आये, आता?"

"आताच."

तपकिरी चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर खाली आला. खांद्याला अडकवायचा पट्टा कधीच तुटला होता, त्याच्या जागी आजीच्या लुगड्याचा काठ शिवलेला होता. आजीने पदराने धूळ पुसून तो सुपारीच्या ताटाशेजारी ठेवला.

"मामा, हा वळखता का?"

"न वळखायला काय झालं?" गजामामांचा आवाजच बदलला. "आमच्या बाबाकडं व्हता. खांद्याला लावून बाबा कर्जतच्या बाजाराला निघाला, का मागनं चार माणसं गाणी ऐकत चालायची."

मग काय, पडवीतल्या सगळ्या पिकल्या केसांना कंठ फुटला. कोणी उतरलेले सेल कौलावर उन्हात तापवले होते, कोणी लढाईच्या बातम्या ऐकायला अख्खी आळी अंगणात बसलेली पाहिली होती. मोटारसायकल घटकाभर बाजूला राहिली. आजीने सगळ्यांना पोटभर बोलू दिलं.

"आमच्या ह्यांनी लग्नात मागितला व्हता," मग ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसलेल्या सहदेवआजोबांकडे तिने हनुवटीने खूण केली. "अक्षता पडायच्या येळेला. ट्रान्झिस्टर खांद्याला लागल्याबिगर पाटावर उभा ऱ्हाणार नाय म्हणाले. माझ्या बापानं धावपळ करून आणून दिला."

"मग! रीतच हाय ती," गजामामा खूश झाले. "आन् शोभलं ना?"

"शोभलं तर. कर्जतचा सगळा बाजार फिरले खांद्याला लावून."

आजोबांचे कान लाल झाले, पण त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. घरात पाहुणे असोत नाहीतर पोलीस, बातम्यांची वेळ झाली की आजोबांना दुसरं काही सुचत नसे. त्यांनी सवयीने उजवा हात बायकोपुढे पसरला.

"सेल दे गं. बातम्या लागतील."

गजामामांना काही उमजेना. "सेल? आत नायत?"

"आत कशाला ठेवीन?" आजीने कनवट सोडली. दोन जाडजूड सेल तिच्या मांडीवर आले. "मागितला ह्यांनी, पण दिला माझ्या बापानं. वरातीच्या दुसऱ्या दिवशी मी सेल काढून घेतले. म्हणलं, रेडिओ ऱ्हाऊ दे तुमच्या खांद्याला, मिरवा खुशाल. वाजवायचा असला का माझ्याकडं यायचं."

"म्हंजे बाजारात..."

"मुकाच फिरवला. लोकांनी इचारलं तर सांगायचे, सेल उतरलेत."

पडवीत हशा पिकला. आतून बायकांचाही आवाज आला. गजामामांना हसू येत होतं आणि ते बाहेर पडू द्यायचं की नाही, हे ठरत नव्हतं.

"आन् अजून?" त्यांनी आजोबांना विचारलं.

"तवा एकदा मागितला," आजोबा म्हणाले. हात अजून पसरलेलाच होता. "तवापासनं रोज मागतोय."

विकासचं नख थांबलं. त्याने आजोबांच्या उघड्या तळहाताकडे पाहिलं, मग दाराकडे. भाग्यश्री हसत नव्हती. नव्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून ती सरळ त्याच्याकडे बघत उभी होती, अगदी आजीसारखी.

"मामा," तो म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलंच बोलणं. "माझी गाडी मी घेईन. चावी माझ्या खिशात ऱ्हाईल. फोडा सुपारी."

गजामामांनी एकदा रेडिओकडे पाहिलं आणि आडवा धरलेला हात मागे घेतला. बत्ता खाली आला. सुपारीचे तुकडे पडवीभर उडाले आणि ते गोळा करायला पोरं धावली. रोहिदासने लांब श्वास सोडला.

आजीला मनातून फार बरं वाटलं. चारचौघांत म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि नातीसाठी खरं तेच बोलला, याचं तिला कौतुक होतं. तिने दोन्ही सेल त्याच्या तळहातावर ठेवले.

"घ्या. रोज मी घालते, आज तुमीच घाला."

आजोबांनी कव्हराचं बटण काढलं, सेल आत बसवले, ऐटीत कळ फिरवली. रेडिओ गप्प. पुन्हा फिरवली, कानाला लावून पाहिला, वर एक थापही मारली. मग त्यांनी तो तसाच बायकोपुढे धरला.

सेल उलटे बसले होते.