मागं सरलेलं पाणी

बूट तरंगताहेत हे आधी गाडीचे ड्रायव्हर आण्णा यांनी पाहिलं.

"ओ बाई, पोरांची बुटं चालली की समुद्रात!"

महादेवीबाईंनी दचकून वळून बघितलं. किनाऱ्यावरचे जीव बघायला म्हणून सातवीचा वर्ग रात्रभर प्रवास करून कोकणात आला होता. पोरांनी बूट आणि दप्तरं पार खाली, ओल्या वाळूत ठेवली होती. खुशाल! उजनी धरणाकाठची पोरं ती. धरणाचं पाणी एकदा मागं सरलं की पावसाळ्यापर्यंत तिकडं फिरकत नाही. तोवर त्याच मोकळ्या जमिनीत त्यांच्या घरचे जनावरांसाठी कडवळ पेरतात.

बाईंनी शिट्टी मारली. कातळावर खेकडे आणि शिंपले बघणारी पोरं धावत आली. मोजली तर एक कमी.

"अक्षता तिकडं हाय, बाई!"

कातळाच्या अगदी टोकाला निळा गणवेश वाकलेला दिसत होता. मधल्या सखल जागेत पाणी भरत चाललं होतं. बाईंनी हाकांवर हाका मारल्या. पोरीनं मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा वाकली. हिला झालंय तरी काय?

निघताना तिची आजी बजाबाई गाडीपाशी येऊन म्हणाली होती, "बाई, लेकरू तुमच्या पदरात घातलंय." तोच पदर खोचून बाई पाण्यात उतरल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. आण्णांनी त्यांचा हात घट्ट धरला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. लाट मागं फिरली की पायाखालची वाळूही निसटायची. बाई इतक्या कधीच घाबरल्या नव्हत्या.

टोकाला पोचताच त्यांनी अक्षताचा दंड धरला.

"मेली असतीस की गं!"

दुसरा हात उगारला, तेवढ्यात तिच्या हातातली बाटली दिसली. आत बोटाएवढे मासे वळवळत होते.

"काही उचलायचं नाही म्हणून घसा फोडून सांगितलं होतं ना?"

"घरी न्यायाला न्हाय, बाई. ह्या खड्ड्यात अडकल्यात. पाणी गेलंय, आता उन्हानं मरतील की. आमच्याकडं आमी आसंच धरून धरणात सोडतो. आजून दोनच राहिल्यात."

आण्णांनी तिला खांद्यावर घेतलं. तिनं तिथूनच बाटली समुद्रात ओतली. परतताना लाटा छातीपर्यंत येत होत्या आणि बाईंच्या तोंडून फक्त देवाचं नाव निघत होतं.

वाळूवर पोचल्या तशा त्या मटकन खाली बसल्या. मागं वळून बघितलं तर कातळ नव्हताच. खड्डे, कातळ, राहिलेले दोन मासे, सगळं समुद्रानं पोटात घेतलं होतं. आता मात्र बाईंना रडू कोसळलं. पोरीला छातीशी धरून त्या ओरडल्या, "अगं, भरती-ओहोटी शिकवली होती ना मी! चंद्र, पृथ्वी, सगळी आकृती काढलीस तू. पैकीच्या पैकी मार्क दिले तुला!"

अक्षता बुडालेल्या कातळाकडं बघत राहिली.

"व्हय, बाई," ती हळूच म्हणाली. "पण ते खरं असतंय व्हय?"