जाड नळीची दुर्बीण

हरीशने कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला, दुर्बिणीच्या मागच्या कड्यात सरकवला आणि स्क्रू आवळला. आता दुर्बीण सरळ बसली. "झालं, ओतोसान. म्हणत होतो ना बाबा, जमेल म्हणून," तो सासऱ्यांना म्हणाला.

सासरे कुदोसान म्हणजे जपानमधल्या अकिताच्या डोंगरातल्या त्या गावात उरलेले एकमेव रायफलवाले. रायफल एक, तिला आलटून पालटून लावायच्या नळ्या दोन. बारीक नळी हरणांसाठी, जाड अस्वलांसाठी. प्रत्येक नळीची दुर्बीण वेगळी आणि ती धरणाऱ्या कड्यांची जोडीही वेगळी. जाड नळीची कडी तुटली, कंपनी तर कधीच बंद पडलेली. नेमकं तेव्हाच अस्वल गावात उतरलं, दोघांना फाडून गेलं. म्हाताऱ्याला दुर्बिणीशिवाय लांबचं धड दिसत नव्हतं. हरीश पुण्याचा इंजिनिअर, बायकोच्या गावी राहून घरूनच काम करणारा. त्याने अख्खं इंटरनेट पालथं घातलं. एक कडं जर्मनीत मिळालं, दुसरं अमेरिकेत. दोन्हींच्या उंचीत केसभर फरक राहिला, म्हणून हा जुगाड.

परवाना नसलेल्याने बंदुकीला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा. सासऱ्यांनी दुर्बीण दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आले.

"छान आहे. फार मेहनत घेतलीत," एवढंच म्हणाले. हरीशला मूठभर मांस चढलं.

आठवड्याभरात अस्वलाने त्यांचा जीव घेतला. पहिली गोळी हुकली आणि दुसरीला त्याने सवडच दिली नाही.

हरीशला अन्न गोड लागेना. बायकोच्या नजरेला नजर देणं जड जाऊ लागलं. पत्रा सरकला असणार, दुसरं काय? शेवटी न राहवून तो सासूबाईंसमोर गुडघे टेकून बसला.

"ओकासान, आई, माझ्या जुगाडाने त्यांचा घात केला."

सासूबाई उठल्या. कपाटातून त्यांनी कापडात गुंडाळलेली दुर्बीण आणून त्याच्यापुढे ठेवली.

"मैदानावरच त्यांना कळलं होतं, हिने नेम लागत नाही. ती इथे ठेवून नुसत्या डोळ्यांच्या भरवशावरच गेले ते."

हरीशने दुर्बीण हातात घेतली. "मग मला का नाही सांगितलं? मी दुसरी कडी शोधली असती."

सासूबाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"हरीशसान, तुम्ही एवढा खटाटोप केलात. नाही जमलं, असं तुमच्या तोंडावर कसं सांगायचं?"