घोट्यापर्यंतचे बूट

"डाव्या पायाचा आधी द्या," पीटीचे सर म्हणाले.

"घ्या! पन्नाशीत नवरदेवाला बास्केटबॉलचे बूट हवेत," त्यांची बायको विक्रेत्याला म्हणाली. "तेही आमच्या कॉलेजच्या काळातले. म्हातारचळ म्हणतात तो हाच."

विक्रेता हसला. पण बूट पुढे करताना त्याचा हात थांबला. "सर, खरं सांगू? साचा जुनाच आहे, काढलाय नव्यानं. तळ सपाट, कडक. उडी मारली की गुडघे बोंबलतात. फोटोत झकास दिसतात, पण खेळायला घेण्यात अर्थ नाही."

"खेळायचं कुठंय? मला मैदानावर नुसतं उभं राहायचंय."

"घाला तुम्ही निवांत," बायको म्हणाली. "मी पलीकडे चपला बघते."

ती वळली, तेव्हा सरांनी रोखलेला श्वास सोडला. गेले काही आठवडे त्यांचं डावं पाऊल उचललं जात नव्हतं. चालताना चवडा जमिनीला घासायचा. मैदानावर ते पडले तेव्हा पोरं हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि तो कुठवर जातो तेही. पाऊल उचलून धरायला त्यांनी प्लास्टिकची एक पट्टी दिली होती. पोटरीवर ती पँटखाली लपायची, घोट्यापाशी मात्र तिचा फुगवटा दिसायचा. शाळेला कळलं तर नोकरी जाणार होती. तेही एक वेळ सोसलं असतं. बायकोला कळता कामा नये. जगात कुणालाही कळो, तिला नको.

दुकानांमागून दुकानं पालथी घातल्यावर घोटा झाकणारे हे एवढेच बूट सापडले होते.

पट्टीसकट पाऊल आत गेलं. सरांनी घाईघाईनं लेस आवळली, गाठ मारली आणि आरशापर्यंत चालून पाहिलं. चवडा घासला नाही. काही दिसतही नव्हतं.

"हेच द्या," ते म्हणाले आणि बाकावर टेकले.

"थांबा जरा." बायको कधी परत आली, त्यांना कळलंच नव्हतं. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि नुकतीच मारलेली गाठ सोडवू लागली. "लेसचे नकोत हो. असेच, घोट्यापर्यंतचे, पण वेल्क्रोचे असले तर दाखवा."

विक्रेता आत गेला.

"अगं, मी काय बालवाडीत आहे?" सर हसायला गेले. "मला जुन्या पद्धतीचेच हवेत."

तिनं वर पाहिलं नाही. बूट सैल करून तिनं तळहात त्यांच्या घोट्यावर ठेवला, बरोबर पट्टीवर.

"माझ्या बाबांचंही पावलापासूनच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "नंतर हाताची बोटं गेली."