थोरलीची वाढ

थोरली बांबूच्या टोकावर हातांवर उभी राहिली आणि तिच्या टाचा तंबूच्या कापडाला लागल्या.

बांबू बापाच्या खांद्यावर होता. वरचा एवढासा धक्का थेट त्याच्या मानेत उतरला. "पाय दुमड!" तो ओरडला. तिने गुडघे पोटाशी घेतले, तोल सावरला आणि सरसर घसरत खाली आली. बापाची पाचावर धारण बसली होती. पोरगी मात्र प्रेक्षकांसमोर हसतात तशी हसत उभी राहिली.

"गुडघे दुमडूनच करत जाईन मी, बाबा. कुणाला कळणारपण नाही."

"बेडकासारखी दिसतेस," सर्कशीचा मालक रिंगणाच्या कठड्यावरून म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो शांत होता. "गेल्या मुक्कामापासून बघतोय मी. पोरगी ताडमाड वाढायला लागलीय."

"बांबूच थोडा कापला तर?" आईने विचारलं.

"वहिनी, लोक बांबूची उंची बघायला येतात. वर कोण चढलंय, याचं कुणाला काय पडलंय?" मालक कपडे झटकत उठला. "धाकटीला तयार करा. नाहीतर हा खेळ मी काढून टाकतो. मग तुम्हाला इथं ठेवून मी करू तरी काय?"

तो गेला. बापाने समजूत काढायला म्हणून थोरलीचा दंड धरला आणि चपापला. उंची वाढली होती खरी, पण हाताला नुसतं हाड लागत होतं.

"तू नीट जेवतेस ना गं?"

"जेवते की."

"कसली जेवते!" आई म्हणाली. "अर्धं ताट सर्कशीच्या कुत्र्यांना घालते. मला वाटायचं, कुत्र्यांचा लळा लागलाय पोरीला."

थोरलीचं हसू मावळलं. "कमी खाल्लं की वाढ थांबते, असं वाटलं मला. धाकटीला नका ना चढवू, बाबा. ती गाडीची पायरी उतरतानासुद्धा रडते."

बापाने तिचा दंड सोडला. लेकराने आपल्या पोटाला चिमटा घेतला होता आणि मेली हाडं तरीही वाढतच होती. लेकरू वाढताना बघून आईबाप सुखावतात. तो मात्र कित्येक दिवस तिच्या आखूड होत चाललेल्या कपड्यांकडे काणाडोळा करत आला होता. आता काणाडोळा करायलाही जागा उरली नव्हती.

"बोलाव तिला," तो आईला म्हणाला.

धाकटी आली. तालमीपुरती दोरी तिच्या कमरेला बांधली, तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि ती खुदकन हसली. बापाने बांबू खांद्यावर घेतला. आईने तिला उचलून बांबूला चिकटवलं. "वर बघायचं हं. फक्त वर," आई म्हणाली.

ती चढली. हेच बापाच्या जिवाला लागलं. ती रडेल, हातपाय झाडेल आणि आपल्याला तिला खाली घ्यावं लागेल, अशी वेडी आशा त्याला होती. पण आईने सांगितलं म्हणून ती मुकाट्याने चढत गेली. टोकाशी पोहोचल्यावर तिने बांबूला घट्ट मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. तंबूचं कापड तिच्यापासून अजून कितीतरी वर होतं.

थोरली खाली दोन्ही हात पसरून उभी होती.

"ताई," वरून बारीकसा आवाज आला, "मी कधी वाढणार गं?"

थोरलीने बापाकडे पाहिलं. बापाला तिच्याकडे बघता येत नव्हतं. बांबू खांद्यावर असताना नजर हलवायची नसते.